कुपवाड, मिरज, मार्केट यार्ड: पहिल्या नोकरीसाठी सॉफ्ट स्किल्स कुठली आणि कशी

बारावी, आयटीआय, डिप्लोमा किंवा बी.कॉम. झालं की सल्ले सुरू होतात, आणि त्यात हमखास एक असतो: "सॉफ्ट स्किल्स वाढवा." वाढवायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे सांगणारा विरळा. मग पोरं कुठल्यातरी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला पैसे भरतात, आरशासमोर उभं राहून "टेल मी अबाउट युवरसेल्फ"चं उत्तर घोकतात, टाय बांधायला शिकतात. सांगलीजवळच्या कुपवाडच्या मशिनशॉपमध्ये टाय घालून कुणी जात नाही. गेलाच तर सुपरवायझर त्याला फिरत्या चकजवळ (लेथवर नग पकडून फिरवणारा भाग) उभंही करणार नाही.

मी कुपवाड एमआयडीसीत भरतीचं काम पाहतो. त्याआधी मिरजेत एका हॉस्पिटलच्या बिलिंगला होतो. दोन्हीकडे "कम्युनिकेशन चांगलं हवं" असंच म्हणत, पण दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा होता. म्हणून हा लेख उलट्या बाजूने लिहिला आहे: आधी आपल्या भागात माणसं कोण घेतंय ते बघायचं, त्यांची रोजची अडचण कोणती ते ओळखायचं आणि मग तेवढीच सवय लावून घ्यायची. सगळीच स्किल्स एकदम वाढवायच्या नादी लागू नका, ते होत नाही.

पायरी १: जिल्ह्यात कोण कुणाला घेतंय ते बघा

सांगली जिल्ह्यात नोकऱ्या नाहीत, सगळं पुण्यात आहे, असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा इथल्या गेटांवरचे फलक वाचलेले नसतात. पुण्याला जाणं वाईट नाही, पण आधी घराजवळचं बघून घ्या.

कुपवाड, मिरज, पलूस आणि इस्लामपूर (आता ईश्वरपूर) इथल्या एमआयडीसींत फाउंड्री, मशिनशॉप, फॅब्रिकेशन, खाद्यप्रक्रिया, पॅकिंग असं सगळं आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, त्यामुळे पलूस-कुंडल पट्ट्यात लेथवर किंवा पंपाच्या असेंब्लीवर आयुष्य काढलेला एखादा मामा-काका ओळखीत निघतोच. त्यांच्याकडे अर्धा तास बसा आणि एकच विचारा: "नवीन पोरांचं कुठं बिघडतंय?" क्लासवाला महिन्याभरात सांगणार नाही ते तिथे चहा संपेपर्यंत कळतं.

मिरज म्हणजे दवाखाने. वानलेस हॉस्पिटलची सुरुवात १८९४ ची. तेव्हापासून हे गाव रुग्णांचं झालं ते झालंच. डॉक्टर-नर्स सोडा, पण रिसेप्शन, बिलिंग, विम्याचा टेबल, मेडिकल दुकान, लॅबचं सँपल कलेक्शन, वॉर्डमधले मदतनीस, अशी कितीतरी माणसं लागतात. इथे एक गोष्ट क्लासवाले कधीच सांगत नाहीत: मिरजेत अथणी, चिकोडी, जमखंडीकडचे रुग्ण भरपूर येतात. ज्याला कामापुरतं कन्नड बोलता येतं त्याची किंमत तिथे इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त. जत तालुक्यातल्या अनेक मुलांना घरातूनच कन्नड येतं आणि ती बायोडेटात लिहायला लाजतात! लिहा. "भाषा" या रकान्यात ठळक लिहा.

सांगलीचं मार्केट यार्ड आणि तासगाव म्हणजे हळद, बेदाणा, गूळ. अडत दुकानात दिवाणजी लागतो, कोल्ड स्टोअरेजला स्टॉक लिहिणारा लागतो, निर्यातदाराकडे लॉट नंबर आणि कागद सांभाळणारा लागतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परराज्यातला, परदेशातला खरेदीदार मालाआधी कागद मागतो, आणि कागद नीट ठेवणारी माणसं मिळत नाहीत ही व्यापाऱ्यांची नेहमीची तक्रार.

याशिवाय साखर कारखाने, भिलवडीकडची डेअरी, विट्याचे यंत्रमाग, पतसंस्था, शोरूम, ठिबक आणि औषधं-खतांच्या कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी. हे शेवटचं काम बी.एस्सी. ॲग्री झालेल्यांनी नीट बघावं. द्राक्षबागायतदार औषध मारायला भल्या सकाळी बागेत असतो. दहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून बांधावर गेलेल्या प्रतिनिधीला तो भेटतच नाही.

जागांची माहिती कुठून काढायची? राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर नोंदणी करा, केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवरही करा. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे भरतात, त्यांची तारीख चुकवू नका. नोकरी नको असली तरी मेळाव्याला जा, कारण एकाच मांडवाखाली किती कंपन्या काय मागतात ते फुकटात ऐकायला मिळतं. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आणि कंपनीच्या गेटवरचे कागद तर आहेतच. गाडीवर एमआयडीसीतून एक चक्कर मारा आणि फलकांचे फोटो काढा. चक्कर मारण्याआधी त्या भागाची साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या. ती रविवारीच असते असं नाही.

पायरी २: जाहिरातीतले शब्द कामात उतरवून घ्या

एक वही करा. डाव्या पानावर जाहिरातीत काय मागितलंय ते, उजव्या पानावर त्या जागेवरचा माणूस दिवसभर प्रत्यक्ष काय करतो ते. पंधरा-वीस जाहिराती झाल्या की चित्र दिसायला लागतं.

"गुड कम्युनिकेशन" घ्या. सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटरसाठी याचा अर्थ, पाळी बदलताना पुढच्या माणसाला काय झालं आणि काय राहिलं ते न चुकता सांगणं. बिलिंग काउंटरवर याचा अर्थ, डिस्चार्जला चार तास ताटकळलेल्या नातेवाइकाशी आवाज न चढवता बोलणं. अडत दुकानात अर्थ आणखी वेगळा: शेतकऱ्याला पट्टी समजावून सांगणं, म्हणजे वजन किती भरलं, दर काय लागला, हमाली-तोलाई किती गेली, हातात किती येणार. पट्टी न समजलेला शेतकरी पुढच्या वर्षी शेजारच्या गाळ्यावर माल उतरवतो, भांडतसुद्धा नाही. शब्द एकच असला तरी सराव तीन निराळे आहेत.

हे उजवं पान भरायला सरकारी कागदांचीही मदत होते, आणि ती फारच थोडे घेतात. नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टरच्या साइटवर आणि स्किल इंडिया डिजिटल हबवर सीएनसी ऑपरेटर, जनरल ड्यूटी असिस्टंट (वॉर्डातला मदतनीस), रिटेल सेल्स असोसिएट अशा एकेका कामाचे मापदंड ठेवलेले आहेत. भाषा रुक्ष आहे, पण त्यात कामाच्या प्रत्येक भागाखाली "जेनेरिक स्किल्स" म्हणून वेगळा मजकूर असतो: काय वाचता आलं पाहिजे, काय लिहिता, कुणाला काय विचारता, कुठला निर्णय स्वतः घेता. आपल्या कामाचा कागद उघडा आणि तेवढाच भाग वाचा. आयटीआयवाल्यांनी एम्प्लॉयेबिलिटी स्किल्सचं पुस्तकही पुन्हा काढावं. परीक्षेपुरतं वाचून फेकलेलं असतं, पण नोकरी शोधताना त्यातली निम्मी पानं कामाची निघतात.

पायरी ३: दोनच सवयी निवडा

वहीत बघून आपल्याला हव्या त्या कामाला सगळ्यात जास्त लागणाऱ्या दोन गोष्टी निवडा. त्यात आपण कुठे आहोत हे आईला विचारू नका, ती गोडच बोलणार. ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय त्यांना विचारा: प्रोजेक्टचे सर, दिवाळीत ज्याच्या दुकानात काम केलं तो मालक, गणेश मंडळाचा खजिनदार. प्रश्न असा करा की "छान आहेस" म्हणून सुटता येणार नाही: "माझ्यावर काम सोपवल्यावर तुम्हाला किती वेळा फोन करून विचारायला लागलं?"

पायरी ४: सराव

लेखाचा हाच खरा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू. मागणी सगळ्यात जास्त असलेल्या आणि क्लासमध्ये सगळ्यात कमी शिकवल्या जाणाऱ्या या सवयी आहेत.

*निरोप देणं.* कारखानदारांची पहिली तक्रार इंग्रजीची नसते. "पोरगं न सांगता दांडी मारतंय" ही असते. गावची जत्रा, घरची द्राक्षं उतरायची, बहिणीला बघायला पाहुणे, कारणं खरीच असतात. सुट्टीला सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण न सांगता मारलेल्या दांडीने मशीन बंद राहतं. सकाळी सातची पाळी असेल आणि ऑपरेटर आला नाही हे सात वाजून दहा मिनिटांनी कळलं, तर बदली माणूस आणायचा कुठून?

मला रोज येणारा मेसेज असा असतो:

"सर आज येनार नाय"

कोण, कुठल्या पाळीचा, का, उद्याचं काय, काहीच नाही. आणि आता एका शिकाऊ मुलाने पाठवलेला हा बघा:

"नमस्कार सर, मी (नाव), दुसऱ्या पाळीचा, टर्निंग सेक्शन. वडिलांना मिरजेला दवाखान्यात न्यायचंय, त्यामुळे आज येता येणार नाही. उद्या वेळेवर हजर राहतो. काल ४० नगांचं चेकिंग राहिलंय, पेटी रॅकच्या खालच्या कप्प्यात आहे, टॅग लावलाय."

हा मेसेज त्याने पाळी सुरू व्हायच्या तीन तास आधी पाठवला होता. शेवटचं वाक्य वाचून सुपरवायझर म्हणाला, "हे पोरगं सोडायचं नाही." सराव कसा कराल? आजपासून कुणालाही पाठवायच्या निरोपात चार गोष्टी घाला: मी कोण, काय झालंय, पुढे कधी, मागे काय राहिलंय. मित्राला "येतोय येतोय" म्हणून अर्धा तास उभं करायची सवय आधी मोडा, कारण नोकरीत तीच सवय बरोबर येते.

*पाळी हातावर देणं.* कारखान्यात, हॉस्पिटलच्या वॉर्डात, पेट्रोलपंपावर, सगळीकडे लागतं. जाताना पुढच्या माणसाला सांगायचं: किती झालं, कुठे अडलं, कशाला हात लावू नको, पहिलं काय कर. तोंडी सांगा आणि रजिस्टरमध्येही लिहा. वॉर्डातल्या मदतनिसाने "सात नंबरच्या आजींना उपाशी ठेवायला सांगितलंय" एवढं एक वाक्य सांगितलं नाही, तर सकाळी नाश्ता दिला जातो आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. घरी सराव करायचा असेल तर मोटर चालू करून बाहेर जाताना भावाला नीट सांगून जा: कुठल्या वाफ्यात पाणी चाललंय, लाईट कधी जाणार, पाटाचं पुढचं दार कुठलं फोडायचं.

*ऐकून परत सांगणं.* सुपरवायझर डायाचं, म्हणजे व्यासाचं माप सांगताना म्हणतो, "बावीसचा डाया ठेव, पण पहिला नग मला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नको." नवखा मान डोलावतो आणि वीस नग काढून मोकळा होतो. मान डोलावणं बंद करा. उलट सांगा: "बावीस डाया. पहिला नग काढून तुमच्याकडे आणतो, तुम्ही बघितल्यावर पुढचे." तीन सेकंद जातात. त्यात ऐकणाऱ्याची गफलत उघडी पडते, आणि कधीकधी सांगणाऱ्याचीही. त्यानेच चुकून पंचवीसच्या जागी बावीस म्हटलेलं असतं. हा सराव घरी, दुकानात, कुठेही होतो. किराण्याची यादी फोनवर ऐकलीत की परत म्हणून दाखवा.

*न समजलेलं विचारणं आणि बिघडलेलं सांगणं.* आपल्याकडे प्रश्न विचारणारा मठ्ठ ठरतो, शाळेपासून तेच मुरलेलं असतं. कामावर हिशेब उलटा आहे. मापाबाहेर गेलेला नग पेटीत खाली सरकवला तर तो गिऱ्हाइकाकडे पोचतो, तिथून अख्खा लॉट परत येतो आणि मग कुणाच्या पाळीत झालं ते रजिस्टर काढून शोधतात. लगेच सांगितलं तर एक नग भंगारात जातो, थोडं ऐकून घ्यावं लागतं, विषय तिथेच संपतो. विचारताना मात्र रिकाम्या हाताने विचारू नका. "सर, जमत नाहीये" पेक्षा "सर, टूल बदलून बघितलं, ऑफसेट बघितला, तरी माप जास्तच येतंय, आता काय बघू?" असं विचारा. बघणाऱ्याला कळतं की पोराने डोकं चालवलंय.

*रागावलेल्या माणसाशी बोलणं.* बिलिंगला असताना हे रोजचं होतं. विम्याच्या कॅशलेसची शेवटची मंजुरी यायची असते, डॉक्टरांनी सकाळीच "घरी जा" म्हटलेलं असतं आणि दुपारी तीनला काउंटरवर हात आपटला जातो. "सिस्टीमला अजून आलं नाही" हे वाक्य त्या क्षणी आगीत तेल. तिथली एक मुलगी फार शांतपणे सांभाळायची. ती आधी उभी राहायची. मग म्हणायची, "काका, पेशंटचं नाव सांगा, मी तुमच्यासमोरच बघते." स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची. "कागद साडेबाराला कंपनीला गेलेत. त्यांनी एक रिपोर्ट परत मागितलाय, तो आत्ता पाठवते. चार वाजता मी स्वतः वॉर्डात येऊन सांगते, तोवर तुम्ही पेशंटजवळ बसा." आणि चारला मंजुरी आलेली नसली तरी ती वॉर्डात जायची, "अजून नाही आलं" हे सांगायला. हे शेवटचं बहुतेक जण करत नाहीत. न झालेल्या गोष्टी कबूल करू नका, "पाच मिनिटांत होईल" तर कधीच म्हणू नका. काय झालंय, काय करतोय आणि पुन्हा कधी सांगणार, एवढं पुरतं.

सरावासाठी मित्राला गिऱ्हाईक करा आणि त्याला खरंच चिडायला सांगा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. आपला आवाज कुठे चढतो ते तेव्हाच कळतं.

*भाषा आणि बोली.* सांगलीकडची बोली लपवू नका. "काय करालायस", "कुठं निघालाईस" म्हणणाऱ्याला कुणी नाकारत नाही, पुटपुटणाऱ्याला नाकारतात. हळू, मोठ्याने आणि वाक्य पूर्ण करून बोला. वयाने मोठ्या कामगाराला "मामा" किंवा "काका" म्हणा आणि अहो-जाहो करा, तुम्ही डिप्लोमा इंजिनिअर असलात आणि ते हेल्पर असले तरी. विशेषतः असलात तर. फाउंड्रीत उत्तर प्रदेश-बिहारची माणसं बरीच असतात, म्हणून कामापुरती हिंदी हवी. इंग्रजीचं म्हणाल तर ड्रॉइंग वाचता यावं, ईमेल समजावा, दोन ओळींचं उत्तर लिहिता यावं. सुरुवातीला एवढ्यावर भागतं, आणि एक्सेल आलं तर सोन्याहून पिवळं.

पायरी ५: सराव कुठे मोजला जाईल ते शोधा

घरच्या सरावाला साक्षीदार नसतो. म्हणून अशी जागा हवी जिथे हजेरी लागते आणि कुणीतरी बघतं.

अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, हा सगळ्यात सरळ रस्ता. १९६१ च्या कायद्याखाली ती चालते, स्टायपेंड मिळतो, पोर्टलवर नोंद राहते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात महिन्याला बारावीवाल्यांना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्यांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. अटी आणि मुदत बदलत आल्यात, त्यामुळे अर्ज करताना त्या वेळचा शासन निर्णय वाचा. आणि ही नोकरी नव्हे, प्रशिक्षण आहे, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. नाहीतर मुदत संपल्यावर "काढून टाकलं" म्हणून गावभर होतं.

कॉलेजात असाल तर कमवा आणि शिका योजनेत नाव घाला. आपल्याच मुलखातल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि श्रम करून शिकण्याची ही वाट रुळवली. लायब्ररीत रजिस्टर लिहिण्याचं काम मिळालं तरी ते कमी समजू नका, वेळेवर येण्याची आणि नोंदी ठेवण्याची लेखी साक्ष तिथूनच मिळते.

मंडळ, तालीम, एनएसएस हेही धरा. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा पूर आला. तेव्हा शाळांमधल्या निवारा छावण्यांत कितीतरी शाळकरी आणि कॉलेजच्या पोरांनी याद्या केल्या, औषधं पोचवली, कुणाच्या घरचे कुठे आहेत ते शोधून दिलं. याला समन्वय म्हणतात आणि मुलाखतीत तो सांगता येतो. पण फोटो काढून निघून आला असाल तर सांगू नका, दुसऱ्याच प्रश्नाला पकडले जाल.

पायरी ६: बायोडेटात दावा नको, पुरावा हवा

तासगावच्या सौद्यात बेदाण्याची पेटी उघडून दाखवावी लागते, खोक्यावरचं छापील नाव बघून कुणी बोली लावत नाही. बायोडेटाचं तसंच आहे. "हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर" हे प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं.

"लीडरशिप क्वालिटी" खोडा आणि लिहा: "गणेशोत्सवात मंडळाच्या वर्गणीचा हिशेब दोन वर्षं सांभाळला, पावतीपुस्तकं जुळवून सभेत वाचून दाखवला."

"पंक्च्युअल" खोडा आणि लिहा: "अप्रेंटिसशिपमध्ये वर्षभरात एकही बिनसूचना रजा नाही." सोबत हजेरीचा दाखला जोडा.

"गुड कम्युनिकेशन" खोडा आणि लिहा: "मेडिकल दुकानात संध्याकाळी काउंटर सांभाळला. मराठी, हिंदी आणि कन्नड बोलणाऱ्या गिऱ्हाइकांशी रोजचा संबंध."

बायोडेटा एक पानाचा करा. वडिलांचा व्यवसाय, उंची, रक्तगट काढून टाका, ते लग्नाच्या बायोडेटाला ठेवा. खाली ज्यांनी काम पाहिलंय अशा एका माणसाचं नाव आणि फोन त्यांना विचारून द्या. आम्ही खरंच फोन करतो.

पायरी ७: मुलाखत

इथे फार लिहीत नाही, कारण वरचं केलं असेल तर मुलाखत अर्धी झालेली असते. तीन प्रश्न हमखास येतात.

"कुठून येणार, कसा येणार?" कवठेमहांकाळहून सातच्या पाळीला कुपवाडला यायचं तर पहिली एसटी किती वाजता सुटते, ती चुकली तर काय, पावसाळ्यात गाडीवर जमेल का, हे आधी एकदा प्रत्यक्ष येऊन बघा आणि मग उत्तर द्या. "बघू, करतो काहीतरी" म्हटलं की आम्हाला दांडी दिसायला लागते.

"आधीचं का सोडलं?" मालकाला शिव्या घालू नका, खोटंही बोलू नका. "पगार वेळेवर होत नव्हता" हे साधं, पूर्ण उत्तर आहे.

"कधी काही बिघडलं आणि तुम्ही सावरलं, असं एखादं सांगा." काय घडलं होतं, तुम्ही स्वतः काय केलं आणि शेवटी काय झालं, या क्रमाने दोन मिनिटांत सांगा. "आम्ही, आम्ही" कमी करा, विचारणाऱ्याला तुमचा वाटा ऐकायचा असतो.

तुम्हीही विचारा. विचारणारा उमेदवार आगाऊ वाटतो, हा गैरसमज आहे. कंपनीच्या पटावर की ठेकेदाराच्या? हातात किती येणार? पीएफला मूळ पगार-महागाईच्या १२ टक्के तुमचे कापले जातात, त्याचा खाते क्रमांक मिळणार का? पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर बहुतेक ठिकाणी ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होतो, त्याचं कार्ड कधी? आणि नोकरी लावतो म्हणून कुणी पैसे मागितले, मग तो लांबचा पाहुणा का असेना, तर तिथून उठा.

पायरी ८: कधी जायचं

मागणीला हंगाम असतो आणि आपल्याकडे तो शेतीला बांधलेला आहे. ऊस गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं, त्यामुळे कारखान्यांच्या हंगामी जागांसाठी दसऱ्याच्या आधी अर्ज जायला हवा. नवी हळद आणि बेदाणा फेब्रुवारीपासून हलतो, म्हणून यार्डातल्या गाळ्यांवर आणि कोल्ड स्टोअरेजला जानेवारीतच तोंड दाखवून या. मार्चएंडला गेलात तर कुणी मान वर करून बघणार नाही. शोरूमवाले दसरा-दिवाळीच्या महिनाभर आधी माणसं बघतात. आयटीआयचे निकाल लागले की कंपन्यांची अप्रेंटिस भरती सुरू होते, तेव्हा कागदपत्रं तयार ठेवून थांबा. हॉस्पिटलला हंगाम नाही, तिथे बारा महिने कुणीतरी सोडून जात असतं. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जा, सकाळी ओपीडीच्या गर्दीत तुमचा बायोडेटा कुठल्यातरी फाइलखाली जाईल.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारानंतर ती वही पुन्हा उघडा. उजवं पान बाहेरून बघून भरलं होतं, आता आतून माहीत झालंय. सुपरवायझरने तुम्हाला कशावरून टोकलं आणि कशावरून कधीच टोकलं नाही, ते तिथे लिहा आणि पुढच्या दोन सवयी त्यावरून निवडा.